बॉक्सवर ५००० वॉट, फ्यूज मात्र ३० अँपिअरचा! स्वस्त सबवूफर घेताना नेमकं काय बघायचं?

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. बेस मॉडेल घेणाऱ्यांचे थोडे पैसे वाचले आणि ते म्युझिक सिस्टीमकडे वळवायचा मोह होणं साहजिकच. शोधायला जावं, तर चार-पाच हजारांच्या सबवूफरवर '५००० वॉट' छापलेलं दिसतं.

हा आकडा खरा असू शकतो का? गणित सोपं आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट मिळतात. म्हणजे ५००० वॉटसाठी साडेतीनशे अँपिअरहून जास्त करंट हवा. छोट्या गाडीचा आल्टरनेटर शंभर अँपिअरच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून कमीच देतो. त्यावर हेडलाइट आणि एसीचा पंखाही चालतो.

म्हणून बॉक्स बाजूला ठेवा आणि अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज बघा. ३० अँपिअरचा असेल, तर ३० गुणिले १४, म्हणजे आत जाणारे जेमतेम ४२० वॉट. त्यातलेही काही उष्णतेत जातात. क्लास डी असेल तर बाहेर तीनशेच्या आसपास, क्लास एबी असेल तर दोनशे-सव्वादोनशे. बॉक्सवरचा 'पीक' आकडा क्षणभराचा असतो, सलग मिळणारी ताकद 'आरएमएस' या नावाने लिहितात. ती कुठेच लिहिलेली नसेल, तर ती वस्तू सरळ सोडून द्या.

बरं, एवढी ताकद लागतेच कुणाला? बंद केबिनमध्ये खालचा बास आपोआप वाढतो, त्यामुळे हॅचबॅकला आठ इंची आणि १०० ते १५० वॉट आरएमएसचा सबवूफर पुरतो. आपल्याला गाणी ऐकायची आहेत, मिरवणूक काढायची नाही. सीएनजी गाडीत सिलिंडरने डिकी आधीच खाल्लेली असते; तिथे सीटखाली बसणारा, अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेला सबवूफर बरा. डिकी मोकळी असेल तर बंद पेटीचा घ्या, त्यात ढोलकीचा ठोका स्वच्छ येतो. पोर्टवाली पेटी आवाज मोठा देते, पण स्वस्तातली असेल तर नुसती घुमते.

कंपनीच्या स्टिरिओला बहुतेकदा वेगळं आउटपुट नसतं, तेव्हा 'हाय लेव्हल इनपुट' आहे का ते विचारा.

पैसे वाचवायचेच तर स्पीकरवर वाचवा, वायरवर नको. स्वस्त किटमध्ये तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर असते, ती त्याच जाडीच्या तांब्याच्या वायरपेक्षा जास्त तापते. बॅटरीपासून वीतभर अंतरात वेगळा फ्यूज हवाच, नाहीतर वायर कुठे घासून बॉडीला टेकली की आग लागू शकते. मूळ वायरी कापू देऊ नका, वॉरंटीवरून वाद होतो. आणि बिल जपून ठेवा: बाहेरून बसवलेल्या सिस्टीमची विम्यात वेगळी नोंद नसेल, तर चोरीनंतर तिचे पैसे मिळत नाहीत.