‘गाडी लई जोरात होती’ एवढ्यावर वेगाचा दंड बसतो का?

समजा, सुट्टीवर गावी आलेला एक पोलीस फाट्यावरच्या हॉटेलसमोर चहा पीत उभा आहे. समोरून टोमॅटोचे क्रेट भरलेला पिकअप जातो. त्याच्या नजरेला गाडी जोरात वाटते. तो नंबर टिपतो, ड्युटीवरच्या सहकाऱ्याला कळवतो आणि दोन दिवसांनी गाडीमालकाच्या मोबाईलवर अतिवेगाच्या चलानाचा मेसेज येऊन पडतो. स्पीडगन नाही, कॅमेरा नाही. असं चलान लढवता येतं का?

पारावर याचं उत्तर ठरलेलं असतं. ‘तो ड्युटीवर नव्हता, अंगात वर्दी नव्हती, त्याला अधिकारच काय?’ ऐकायला मुद्दा जोरकस आहे, पण कोर्टात तो फार पुढे जात नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम २८ नुसार पोलीस कायम कर्तव्यावर असल्याचं मानलं जातं. शिवाय गुन्हा डोळ्यांनी बघायला आणि त्याची साक्ष द्यायला वर्दी लागत नाही, ती तुम्ही-आम्हीही देऊ शकतो. वर्दीचा मुद्दा वेगळ्या ठिकाणी कामाला येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० मध्ये लायसन दाखवायला सांगणारा पोलीस वर्दीत असावा, असं स्पष्ट लिहिलं आहे. पण ती लायसन तपासणीची गोष्ट झाली, वेगाची नव्हे.

वेगाची खरी गोष्ट त्याच कायद्याच्या कलम १८३ मध्ये आहे. बहुतेक लोक त्यातली दंडाची रक्कम तेवढी वाचतात. हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये, मध्यम आणि जड मालवाहू किंवा प्रवासी वाहनाला २००० ते ४००० रुपये. पोटकलम ३ कुणी वाचत नाही. त्याचा अर्थ असा, की गाडी मर्यादेपेक्षा जास्त वेगात होती, असं केवळ एका साक्षीदाराचं मत असेल, तर तेवढ्यावर कुणालाही दोषी धरता येत नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने केलेल्या मोजणीवर आधारलेलं आहे, हे दाखवावं लागतं. आणि ही अट ड्युटीवरच्या, वर्दीतल्या पोलिसालाही तशीच लागू आहे. म्हणून प्रश्न ‘तू ड्युटीवर होतास का’ हा नाही. ‘वेग कशाने मोजला’ हा आहे.

कायद्याने अशी अट का घातली, ते साध्या गणितात कळतं. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी १०० मीटर अंतर ६ सेकंदांत कापते. ८० च्या वेगाची गाडी तेच अंतर साडेचार सेकंदांत. म्हणजे कायदा पाळला की मोडला, याचा फैसला दीड सेकंदावर. घड्याळ न लावता, रस्त्यावर खुणा नसताना हा फरक नजरेने कोण सांगणार? त्यात गाडी समोरून अंगावर येत असेल तर अंदाज आणखी चुकतो. आणि सायलेन्सर फुटलेला जुना पिकअप चाळीसनेही ऐंशीसारखा वाजतो, हे गावात कुणाला सांगायला नको.

मोबाईलवर काढलेल्या फोटोनेही काम भागत नाही. फोटोत पळती गाडी आणि उभी गाडी सारखीच दिसते. वेगाचा आकडा यंत्राकडूनच यावा लागतो. खासगी मोबाईलवर फोटो काढून चलान करू नये, अशी ताकीद राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने जुलै २०२५ मध्ये दिलीच होती. यंत्र असलं तरी ते कसंही चालत नाही. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये आणलेल्या नियम १६७-अ नुसार यंत्राला राज्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचं मान्यता प्रमाणपत्र लागतं, दर वर्षी त्याचं नूतनीकरण करावं लागतं आणि नजर ठेवलेल्या रस्त्यावर ठळक सूचना फलक लावावे लागतात. अतिवेगाच्या ई-चलानासोबत नंबर दिसणारा फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि ठिकाण ही माहिती हवी.

पण पोटकलम ३ हाती आलं म्हणजे सुटलो, असंही नाही. अट एका साक्षीदाराची आहे. दोघातिघांनी तेच सांगितलं तर ही आडकाठी उरत नाही, मग उलटतपासणीत त्यांचा अंदाज किती टिकतो यावर सगळं ठरतं. दुसरं, चलानावर कलम कोणतं आहे ते आधी बघा. कलम १८४, म्हणजे धोकादायक पद्धतीने गाडी चालवणं, किंवा भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ लावलं असेल तर हे संरक्षण लागू नाही. तिथे वळणं कशी घेतली, ओव्हरटेक कुठे केलं, समोर शाळा होती का, हे बघितलं जातं आणि शिक्षेत कैदही आहे. अर्थात तिथेही नुसतं ‘जोरात होती’ पुरत नाही. कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की केवळ वेग जास्त होता म्हणून बेदरकारपणा किंवा निष्काळजीपणा आपोआप सिद्ध होत नाही.

आता व्यवहाराचं. दोन हजाराच्या दंडासाठी तालुक्याच्या कोर्टात चकरा मारायच्या, दिवसाची मजुरी बुडवायची, वकिलाची फी द्यायची. त्यापेक्षा भरून मोकळं झालेलं बरं, असं बहुतेकांचं म्हणणं. हिशेबाने ते चूकही नाही. पण पोट गाडीवर असलेल्या ड्रायव्हरने एक गोष्ट धरून चालावी, ती अशी की दुसऱ्यांदा अतिवेगाचा गुन्हा झाला की लायसन जप्त होऊ शकतं. तेव्हा पहिलं चलान फुकटात पदरात घ्यायचं का, याचा विचार ड्रायव्हरने स्वतः करावा, मालकावर सोडू नये. मालकांनीही कलम १८३ चं पोटकलम ४ वाचलेलं बरं. वेगमर्यादा पाळून पोचणं शक्यच नाही अशी वेळ ठरवून देणं, उदाहरणार्थ ‘पहाटेच्या लिलावाला तासाभरात माल पोच’, हे वेळ देणाऱ्याविरुद्धच प्रथमदर्शनी पुरावा धरलं जातं.

लढायचं ठरलं तर आधी दंड भरू नये, कारण तडजोडीची रक्कम भरली की प्रकरण तिथेच मिटतं. महाट्रॅफिक ॲपवर तक्रार टाकावी, तक्रार क्रमांक जपून ठेवावा. वेगाचा आकडा, यंत्राचं चालू वर्षाचं प्रमाणपत्र आणि वेगमर्यादेचा बोर्ड कुठे होता, हे तीनही लेखी मागावं. त्या रस्त्यावर बोर्ड नसेल तर लगेच फोटो काढून ठेवावेत, नंतर बोर्ड उभा राहायला वेळ लागत नाही. प्रकरण कोर्टात गेलं तर कलम २०८ खाली निघणाऱ्या समन्समध्ये वकिलामार्फत हजर राहण्याची मुभा असू शकते, त्यामुळे प्रत्येक तारखेला गाडी उभी ठेवावी लागेलच असं नाही. समन्स हातात पडलं की ती ओळ आधी शोधावी.