चालता चालता

सकाळी सहाच्या सुमारास आमच्या कोल्हापुरात रंकाळ्यावर एक चक्कर मारून या. फिरायला आलेली माणसं पुष्कळ दिसतील, पण नुसतं फिरणारं माणूस शोधावं लागेल. एक काका फोनवर लेकीशी बोलत असतात. ती अमेरिकेत, तिथे संध्याकाळ, त्यामुळे "जेवलीस का?" हा प्रश्न अख्ख्या काठाला ऐकू येतो. दुसरे एक जण टाळ्या वाजवत चालतात. एक वहिनी माळ ओढत असतात आणि त्याच सुरात "श्रीराम, श्रीराम, अगं मेथी कशी दिली?" असंही विचारतात.

पण खरं सांगायचं तर यात पहिला नंबर माझाच! कानात विष्णुसहस्रनाम, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाईल आणि त्यात पावलांचा आकडा. दहा हजार झालीच पाहिजेत! (हा आकडा काही कुठल्या वैद्याने दिलेला नाही बरं का. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' असं होतं. तिथून तो आपल्या मानगुटीवर बसला.)

सवय जुनी आहे. शाळेत हजेरी घेता घेता शेवटच्या बाकावरची कुजबुज टिपायची, घरी कुकरच्या शिट्ट्या मोजत वह्या तपासायच्या. आणि मुलांना मात्र शिकवायचं, "एका वेळी एकच काम करा"!

आमचे हे अगदी उलट. चालताना काही सांगायचं झालं की थांबतात. वाक्य पुरं झालं की मगच पुढचं पाऊल. मैत्रिणी म्हणायच्या, "बाई, तुमची एसटी थांब्यावर लागली बघा!" मीही हसायचे. वर करवादायचे, "अहो, चालता चालता बोला ना!" माझी पावलं खोळंबायची ना!

गेल्या उन्हाळ्यात चालता चालता बहिणीला फोनवर लोणच्याचं प्रमाण सांगत होते. तिखट किती, यावर आले आणि समोरची पायरी दिसलीच नाही. मी सपशेल आडवी, पिशवीतल्या कैऱ्या चहूकडे. मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं.

माझी नात फिजिओथेरपी शिकते. भेटायला आली आणि तिने सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "आजी, पडलीस तू, पण मला काळजी आजोबांची वाटते." तिने सांगितलं ते असं. १९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांचा एक छोटासा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ५८ वृद्धांशी ते चालत असताना बोलणं काढलं. त्यातले १२ जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. चालणं आपोआप होतं असं आपल्याला वाटतं, पण वय वाढलं की मेंदूला पावलाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. बोलायलाही लक्ष लागतंच. दोन्हीकडे पुरेनासं झालं की माणूस थांबतो, नाहीतर तोल जातो.

माझं हसू मावळलं. ज्याला मी खोड म्हणत होते, ती यांच्या शरीराने स्वतःला सांभाळायला काढलेली युक्ती होती. आणि मी काय सांगत होते? थांबू नका!

तरुणांचं मला ठाऊक नाही. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाने चालणं हेच एक अख्खं काम धरावं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. दुसऱ्या कामांच्या आड फुकटात उरकून घ्यायची ती गोष्ट नव्हे.

यांना डॉक्टरांकडे नेलं. तोल सांभाळायचे व्यायाम सुरू आहेत. माझा फोन फिरताना पर्समध्ये असतो. हे बोलायला थांबले की मीही थांबते. तेव्हा कुठे कळलं, हे बहुतेक वेळा पाण्याकडे हात करून काहीतरी दाखवत असतात. परवा बगळा दाखवला. इतकी वर्षं मी यांचं ऐकत होते, पण दाखवलेलं बघायला थांबले नव्हते.

माळ मात्र सोडलेली नाही. ती आता कट्ट्यावर बसून ओढते. आणि मेथीचा भाव जप संपल्यावर विचारते.