पोपट कोणाचा?

पिंजऱ्याचे दार उघडे राहते आणि आफ्रिकेतला करडा पोपट उडून जातो. तो सापडला तरी कोणाचा, हे कशावरून ठरवावयाचे? पायाला दोरा बांधणे घातक. तो आवळून पाय निकामी होऊ शकतो. पिल्लाच्या पायात घातलेले बिनसांध्याचे, योग्य मापाचे कडे हा उत्तम उपाय. मोठ्या पक्ष्यास ते चढत नाही. त्याच्या छातीच्या स्नायूत पशुवैद्यकाकडून तांदळाएवढी चिप बसवावी. मात्र क्रमांकाची नोंद नसेल, तर कडे आणि चिप दोन्ही मुकीच. २०२४ च्या केंद्रीय नियमांनी अशा परदेशी जातींची नोंदणी सक्तीची केली आहे. तिचा कंटाळा करू नये. देशी पोपट पाळणे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्धच आहे. कडे घातल्याने तो गुन्हा धुऊन निघत नाही.