तालुक्याला शिकायला जाणारी मुलगी पुस्तकात कधी येणार?

लखनऊत वाढणाऱ्या माझ्या तेरा वर्षांच्या लेकीला देवनागरी सरावाची आहे. शाळेत हिंदी आहे, त्यामुळे मराठी पुस्तक ती सहज हाती घेते. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’मधला (१९९४) लंपन तिला फार आवडला. बेळगावकडची कानडी वळणाची बोली, आजी-आजोबांचं घर, मैत्रीण सुमीची ओढ, सगळं तिला जवळचं वाटलं. मग तिने विचारलं, “आई, सुमीचं पुस्तक कुठलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. साने गुरुजींचा श्याम, लंपन, मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’तला नववीचा जोशी: वयात येण्याच्या आपल्या गाजलेल्या गोष्टी मुलग्यांच्या आहेत. मुली त्यांत दिसतात त्या मुलग्यांच्या नजरेतून.

अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत एसटी पास दप्तरात ठेवून रोज तालुक्याला जाणारी मुलगी मला वाचायची आहे. पहिली पाळी, भावाच्या हातातला मोबाइल, दहावीनंतर शिकू देतील का ही धास्ती, मैत्रिणीचं अचानक ठरलेलं लग्न: हे तिने स्वतः सांगावं. इथल्या मलिहाबाद-बाराबंकीच्या मुलींनाही ते आपलंच वाटेल.

बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून मुलांपर्यंत पोहोचतं आहे. त्याने अशी कादंबरी क्रमशः छापावी. दिवाळी अंकांनी बारा ते पंधरा वयासाठी पानं राखावीत आणि लहान गावांत वाढलेल्या लेखिकांकडून ती आवर्जून लिहून घ्यावीत. आज तेरा वर्षांच्या असलेल्या मुली फार काळ थांबणार नाहीत.