नीट म्हणजे सरळ?

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

श्रावणात आपल्या महाविद्यालयात मुलाखतीच्या तयारीचे एक दिवसाचे शिबिर झाले. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी पोशाख, बोलणे, बसणे सगळे समजावून सांगितले आणि ते उपयोगीही होते. त्यात पडद्यावर एक ओळ आली, 'केस नीट असावेत', आणि तिच्या शेजारी चार मुलींची छायाचित्रे. चौघींचेही केस पट्टी ठेवून रेघ ओढावी तसे सरळ. माझ्या मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणाले, "मग हिनं काय करायचं की?" सगळे हसले. मीही हसले. त्याच संध्याकाळी टिळकवाडीतल्या एका पार्लरात जाऊन मी पाचशे रुपये आगाऊ भरून आले.

माझे केस कुरळे आहेत. नुसते लाटा असलेले नव्हेत, चांगले स्प्रिंगसारखे. मराठी शाळेत होते तोपर्यंत त्यांचा प्रश्न नव्हता. चपचपीत तेल, दोन वेण्या, लाल रिबिनी, की झाले! अकरावीत वेण्या सुटल्या आणि 'नूडल्स' हे नाव मिळाले. बेळगावचा पाऊस तर या केसांचा वैरीच. हवेतला ओलावा केसात शिरतो आणि सकाळी बसवलेले केस दहाच्या तासापर्यंत डोक्याभोवती छत्री धरतात. (केस ओलाव्याने लांबतो, म्हणूनच सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने 1783 मध्ये केसाचेच आर्द्रतामापक यंत्र केले होते. माझ्या डोक्यावर तशी हजारो यंत्रे आहेत.)

पार्लरातल्या बाईंनी माझी एक बट दोन बोटांत धरून कानडीत म्हटले, "एष्टु गुंगुरु! नेट्टग माडसरी." किती कुरळे, सरळ करून घ्या. तेव्हा मान डोलावली. घरी येताना मात्र त्या 'नेट्टग'वर विचार अडकला. कानडीत 'नेट्टगे' म्हणजे सरळ आणि व्यवस्थितही. आपल्या मराठीत 'नीट' तसाच. नीट वाग, नीट जा, नीट उभी राहा. दोन्ही भाषांनी सरळ आणि चांगले यांची गाठ मारून ठेवली आहे. वाकडे ते वाईट! मग कुरळ्या केसांनी बिचाऱ्यांनी जावे कुठे? गंमत अशी, की आपल्या या मुलखाचे जुने नाव कुंतल. कल्याणीच्या चालुक्यांना कुंतलाचे स्वामी म्हणत. आणि संस्कृतात कुंतल म्हणजे केस. व्युत्पत्तीत मी शिरत नाही, ते इतिहासाच्या सरांचे काम.

असो. आगाऊ रक्कम भरली तरी तारखेला आठ दिवस होते, म्हणून विज्ञान शाखेतल्या मैत्रिणीला गाठले. तिने सांगितले ते असे. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा आणि त्याच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना जोडलेल्या. रीबाँडिंगमध्ये थायोग्लायकोलेट लावून हे बंध तोडतात, मग तापलेल्या इस्त्रीने केस सरळ ताणतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे द्रव्य लावून त्या सरळ अवस्थेतच बंध पुन्हा जोडतात. सरळ केस कुरळे करायलाही हीच युक्ती चालते. इस्त्रीऐवजी नळ्या गुंडाळायच्या. म्हणजे जगात कुठेतरी एखादी मुलगी पैसे मोजून माझ्यासारखे केस करून घेत असेल! पण मुळाशी, कातडीच्या आत, केस ज्या पिशवीतून उगवतो तिचा आकार काही बदलत नाही. तिथून येणारा नवा केस कुरळाच.

इथे माझ्यातली वाणिज्याची विद्यार्थिनी जागी झाली. हा भांडवली खर्च की महसुली? पार्लर तो भांडवली म्हणून विकते, 'कायमचे सरळ'. पण केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो. सहा महिन्यांत तीन इंच कुरळे मूळ आणि खाली सरळ शेपूट. मग मुळांचे काम पुन्हा. मला सांगितलेले दर असे: पहिल्या वेळी साडेचार हजार, नंतर दर सहा महिन्यांनी दोन हजार. तीन वर्षांत पाच वेळा मुळे धरली तर एकूण साडेचौदा हजार. मी दोन मुलांच्या शिकवण्या घेते, त्याचे महिन्याला चौदाशे मिळतात. दहा महिन्यांहून अधिक शिकवणी नुसती केसांसाठी!

त्याच पार्लरात 'केराटिन ट्रीटमेंट' असा स्वस्त पर्यायही होता. नाव पौष्टिक आहे. पण अशा कित्येक द्रव्यांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरणीतले बेडूक ज्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, त्यातले हेच द्रव्य, आणि कर्करोगकारक म्हणून त्याची नोंद आहे. अमेरिकेत 2022 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 33,497 स्त्रियांची जवळजवळ अकरा वर्षे नोंद ठेवली होती. केस सरळ करणारी द्रव्ये कधीच न वापरलेल्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा अंदाज 1.64 टक्के, वारंवार वापरणाऱ्यांत 4.05 टक्के. याने कारण सिद्ध होत नाही. कोणते द्रव्य, कोणती कंपनी हेही त्यात विचारलेले नव्हते. रीबाँडिंग केले की रोग झालाच, असे कुणी घाबरवू नये. पण 'काही होत नाही हो' असे हसत सांगणाऱ्यांनीही जरा थांबावे.

माझ्या एका मैत्रिणीने मागच्या वर्षी केस सरळ केले. छान दिसते, खोटे कशाला बोलू? सकाळचा अर्धा तास वाचतो म्हणते. तिला मी नावे ठेवणार नाही. 'नैसर्गिक तेच सुंदर' असे तिला सुनावणाऱ्या मुली स्वतः भुवया कोरून येतात, आणि मुलगे तर विचारूच नका. तिने आरशात बघून ठरवले. मी ठरवले ते मागच्या बाकावरचे हसणे ऐकून. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. आईला विचारले, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "पैसे तुझे, केस तुझे, मला काय विचारतीस?" ती नको म्हणाली असती तर भांडून तरी घेतले असते.

माझी तक्रार पार्लरवर नाहीच. आहे ती त्या पडद्यावरच्या ओळीवर. मुलाखतीला केस स्वच्छ असावेत, डोळ्यांवर येऊ नयेत, बांधलेले असावेत, हे सगळे मान्य. पण तेवढेच लिहा ना! चार छायाचित्रांत एक तरी कुरळ्या केसांची, नीट अंबाडा घातलेली मुलगी दाखवा. सर, मॅडम, आपल्या वर्गात आम्ही अशा निदान सहा-सात जणी आहोत, मी मोजल्या आहेत. ज्यांच्या घरी साडेचार हजार काढता येत नाहीत, त्यांनी त्या शिबिरातून काय घेऊन जायचे?

बुडीत खर्चाने पुढचा निर्णय ठरवू नये, असे आम्हाला शिकवले आहे. म्हणून आदल्या दिवशी फोन करून नको म्हणून सांगितले. आगाऊ रक्कम परत मिळत नाही, पण वर्षभरात दुसऱ्या कामाला वापरता येईल म्हणाल्या. त्यात मी केस कापून घेणार आहे. ओले असताना नको, वाळलेले, कुरळे असतानाच कापा, हे आधी सांगून ठेवले आहे; ओले कापले, की वाळल्यावर आखडून कानापर्यंत येतात. मागच्या खेपेला तेच झाले होते.