अशिलाचा पैसा ही अमानत आहे

आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांचा मुलगा काही वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून घरी येत असताना ट्रकखाली सापडला. दावा वाशीमला दाखल झाला आणि लोकअदालतीत तडजोड झाली. खालांनी अंगठा दिला. रक्कम त्यांच्या खात्यात जमा झाली खरी. पण बँकेत जाताना वकिलाचा माणूस सोबत होता आणि पैसे काढायच्या स्लिपांवर अंगठे आधीच घेऊन ठेवलेले होते. खालांच्या हाती निम्म्याहून थोडे अधिक आले. मी विचारले, "खाला, बाकीचे कुठे गेले?" त्या म्हणाल्या, "बेटा, टक्केवारीचा कोर्टाचा नियमच आहे ना! वकीलसाहेबांनी सांगितलं."

असा कोणताही नियम नाही. नियम नेमका याच्या उलट आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांत विसावा नियम सांगतो की, वकिलाने निकालावर अवलंबून असलेली फी ठरवू नये आणि मिळणाऱ्या रकमेत वाटाही मागू नये. त्याच प्रकरणातले पंचविसाव्यापासूनचे नियम अशिलाच्या पैशांबद्दल आहेत. अशिलाकडून आलेल्या आणि अशिलासाठी मिळालेल्या प्रत्येक रकमेचा हिशेब ठेवायचा. रक्कम मिळाली की अशिलाला विनाविलंब कळवायचे. मागितल्यास हिशेबाची प्रत द्यायची. हाती आलेला पैसा 'उसना' म्हणून वापरायचा नाही. ठरलेली फी बाकी असेल तर काम संपल्यावर ती वळती करता येते, पण तीही हिशेब दाखवून.

नियम इतके स्पष्ट असताना खालांना ते कुणीच का सांगितले नाहीत? आणि नियम मोडला तर पुढे काय होते?

उत्तर प्रदेशातल्या बैजू नावाच्या गरीब, निरक्षर म्हाताऱ्याचे प्रकरण कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते. त्याची जमीन सरकारने संपादित केली. ८,११८ रुपये मोबदला कोर्टात जमा झाला. वकिलाने तो २ सप्टेंबर १९८७ रोजी उचलला आणि बैजूला कळवलेदेखील नाही. बैजूने तक्रार केली, तेव्हा वकिलाने पैसे दिल्याचे सांगितले. पुढे बैजूच्या नावाने समझोत्याचे प्रतिज्ञापत्रही हजर झाले, ते बैजूने साफ नाकारले. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या शिस्तपालन समितीने वकिलाला तीन वर्षे निलंबित केले. वकील अपिलात सर्वोच्च न्यायालयात गेला आणि शिक्षा कमी होण्याऐवजी वाढली. जानेवारी २००२ मध्ये त्याचे नाव सनदधारकांच्या यादीतून कायमचे काढले गेले.

निकाल चांगलाच आहे. पण ८,११८ रुपयांसाठी चौदा वर्षांहून अधिक काळ गेला, हेही विसरता येत नाही.

अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ प्रमाणे तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे जाते. आपल्यासाठी ती महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल, मुंबईत. तिची शिस्तपालन समिती तिघांची असते आणि तिघेही वकील असतात. कलम ३६-ब प्रमाणे तक्रार वर्षभरात निकाली निघायला हवी, नाहीतर ती दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. म्हणजे मुंबईत उशीर झाला तर मालेगावच्या बाईने दिल्लीला जायचे! उशिरावर कायद्याने काढलेला हा उपाय तिच्यासाठी शिक्षाच ठरतो.

समिती काय करू शकते, तेही पाहा. तक्रार फेटाळणे, ताकीद देणे, काही काळ निलंबन करणे किंवा सनद काढून घेणे. या चार गोष्टींत 'अशिलाचे पैसे परत करा' हे शब्द कुठेच नाहीत. वकिलाला शिक्षा झाली तरी खालांचे पैसे खालांना मिळतीलच असे नाही. त्यासाठी वेगळा दिवाणी दावा करायचा किंवा विश्वासघाताची फिर्याद द्यायची. वकिलाने लुबाडलेल्या माणसाने त्यासाठी पुन्हा वकीलच शोधायचा.

ग्राहक मंच हा एक जवळचा रस्ता होता. जिल्ह्याच्या ठिकाणी जाता येई आणि भरपाईही मागता येई. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो बंद केला. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा तो निकाल. गंमत अशी की, ते प्रकरणही मुळात तडजोडीच्या पैशांचेच होते. वीस हजारांचा चेक वटला नाही म्हणून खटला झाला, समोरच्या पक्षाने रक्कम आणि वर पाच हजार खर्च द्यायचे मान्य केले, आणि ते वेळेवर अशिलाच्या हाती पडले नाहीत. वकिली हा व्यवसाय धंद्यापेक्षा वेगळा आहे, हा न्यायालयाचा युक्तिवाद मला मान्य आहे. पण मग त्या व्यवसायाने स्वतःच्या घरात धंद्यापेक्षा कडक शिस्त ठेवायला हवी.

व्यवसायाने स्वतःचीच चौकशी करायची, यातला धोका अमेरिकेतही दिसला. २०१८ मध्ये इंडोनेशियात लायन एअरचे विमान समुद्रात कोसळले. मृतांच्या काही कुटुंबांना मिळालेला तडजोडीचा पैसा टॉम गिरार्डी या कॅलिफोर्नियातल्या बड्या वकिलाने दडपला. त्याच्याविरुद्ध तिथल्या बारकडे आयुष्यभरात २०५ तक्रारी आल्या होत्या. सनद गेली ती २०२२ मध्ये. त्यानंतर तिथे अशिलांच्या पैशांच्या खात्यांची नोंदणी सक्तीची झाली.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. माझे अनेक मित्र वकील आहेत. गरिबाची केस पदरमोड करून लढणारे मी पाहिले आहेत. खोट्या तक्रारीही होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका निराधार तक्रारीची दखल घेतल्याबद्दल महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिललाच खर्चाचा भुर्दंड लावला. विरुद्ध पक्षाच्या वकिलावर राग काढणे वेगळे. अशिलाचा पैसा गेला कुठे, हा प्रश्न मात्र हिशेबाच्या कागदाने सुटतो. प्रामाणिक वकिलाला त्या कागदाची भीती नसते.

म्हणून तीन मागण्या कराव्यात. अशिलांच्या पैशांसाठी वेगळे बँक खाते सक्तीचे करावे. पैशांच्या तक्रारी जिल्ह्याच्या ठिकाणी ऐकल्या जाव्यात. आणि समितीला पैसे परत करायला लावण्याचा अधिकार कायद्याने द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये अपघाताची भरपाई थेट दावेदाराच्या खात्यात जमा करायला सांगितले, हे फार चांगले झाले. पण सही केलेल्या कोऱ्या स्लिपा वकिलाच्या कपाटात असतील, तर थेट खात्यालाही अर्थ उरत नाही.

आपल्या हातातही काही आहे. आमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, जमिनींचे मोबदले आले, अपघाताचे दावेही होत असतात. कोऱ्या कागदावर, चेकवर, स्लिपवर सही किंवा अंगठा देऊ नका. फी आधी लेखी ठरवा. लोकअदालतीत अंगठा देण्यापूर्वी आकडा मोठ्याने वाचून घ्या, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. स्त्रियांना उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. हे जुम्याच्या नमाजनंतर दोन मिनिटांत सांगता येईल. बचत गटात सांगता येईल, ग्रामसभेतही सांगता येईल.

'वकील' हा शब्द अरबीतून मराठीत आला. ज्याच्यावर काम सोपवून माणूस निर्धास्त होतो, तो वकील. मक्का सोडताना पैगंबरांनी लोकांच्या ठेवी परत करायला हजरत अली यांना मागे ठेवले होते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या ठेवी ज्यांनी त्यांना छळले त्यांच्यापैकी अनेकांच्याही होत्या. वैऱ्याची अमानत परत करायची असते, तर अंगठा देणाऱ्या म्हातारीची का नाही?

खालांनी अजून तक्रार केलेली नाही. त्या म्हणतात, "जाऊ दे बेटा, त्यानेच केस जिंकून दिली ना." पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर बसून एक साधे पत्र लिहिणार आहे. त्यात आरोप काहीच नसेल. हिशेबाची प्रत द्या, एवढेच असेल. तो त्यांचा हक्क आहे.