'पासून', 'पर्यंत' आणि दोन तराजू

आमची एक माजी विद्यार्थिनी गेल्या वर्षी शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखतीला गेली होती. अनुभवाविषयी विचारताच तिने सांगितले, "आय ॲम टीचिंग सिन्स टू इयर्स." समितीतले एक गृहस्थ हसले आणि त्यांनी ते वाक्य तिच्याच सुरात पुन्हा म्हणून दाखवले. त्यानंतरची दहा मिनिटे तिने 'येस सर' आणि 'नो सर' यांपलीकडे काही उच्चारले नाही. नोकरी मिळाली नाही, हे ओघाने आलेच. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या आणि तोच विषय शिकवणाऱ्या आम्हा तिघांना तिने हे सांगितले, तेव्हा शेजारच्या टेबलावरून एका प्राध्यापक मित्राने निकाल दिला: "दोष तिचा नाही, मराठीचा आहे. मराठीला काळाचे भानच नाही. 'बाय मंडे' आणि 'अंटिल मंडे' या दोहोंना जी भाषा 'सोमवारपर्यंत' म्हणते, तिच्याकडून काटेकोरपणाची अपेक्षा कशी करायची?"

हा निकाल आम्हाला मान्य नाही. तो त्या एका मित्राचा नसून फार मोठ्या वर्गाचा आहे, म्हणून त्याची चिरफाड करणे भाग आहे.

प्रथम त्या विद्यार्थिनीचे वाक्य घेऊ. मराठीत 'सोमवारपासून' म्हणतात आणि 'दोन वर्षांपासून'ही म्हणतात. आरंभबिंदू असो की मधला कालावधी, 'पासून' दोहोंना चालते, आणि क्रियापद वर्तमानकाळी राहते, कारण शिकवण्याचे काम अजून चालूच असते. इंग्रजी मात्र बिंदूला 'सिन्स' लावते, कालावधीला 'फॉर' लावते आणि वर क्रियापदही बदलायला लावते. यावरून मराठी ढिसाळ ठरवायची असेल, तर जर्मन आणि फ्रेंच यांनाही त्याच पिंजऱ्यात उभे करावे लागेल. जर्मनमधला 'झाइट' आणि फ्रेंचमधला 'दप्युई' हे दोन्ही शब्द बिंदूला लागतात तसेच कालावधीलाही लागतात, आणि अशा वाक्यात क्रियापदही वर्तमानकाळाचेच असते. बर्लिनचा किंवा पॅरिसचा नवशिका अगदी हीच चूक करतो. त्याला कोणी काळाचे भान नसलेला म्हणत नाही. इंग्रजी ही त्याची दुसरी भाषा आहे, एवढेच म्हणतात. हे औदार्य आमच्या मुलीच्या वाट्याला का येऊ नये?

आता 'पर्यंत'. 'पाचपर्यंत थांब' आणि 'पाचपर्यंत ये' ही दोन वाक्ये ऐकून गोंधळलेला मराठी माणूस आम्ही अद्याप पाहिलेला नाही. थांबणे ही पसरणारी क्रिया, येणे ही एका क्षणी घडणारी. फरक क्रियापदात आधीच बसलेला आहे. 'परवा' या शब्दाचेही तेच. परवा गेलो की परवा जाईन, हे क्रियापद सांगते. काळाचे ओझे मराठी बऱ्याचदा क्रियापदावर टाकते, इंग्रजी ते नामाआधीच्या छोट्या शब्दावर टाकते. ओझे दोघीही वाहतातच. प्रामाणिकपणे कबूल करायचे तर नकारार्थी वाक्यात आमची बाजू थोडी लंगडी पडते. 'मी पाचपर्यंत येणार नाही' यातून पाचनंतर येणार, की पाचची वेळ गाठता येणार नाही एवढेच सांगायचे आहे, हे संदर्भावाचून कळत नाही. इथे इंग्रजीचे दोन शब्द उपयोगी आहेत, ते आम्ही आनंदाने मान्य करतो.

पण मग हिशेब दोन्ही बाजूंनी व्हावा. 'इन टू डेज' याचा अर्थ काय? 'आय विल फिनिश इट इन टू डेज' असे म्हणणारा माणूस दोन दिवस खपून काम संपवणार आहे, की दोन दिवसांनंतर ते संपलेले असेल? इंग्रजीला हे स्पष्ट करायचे झाले की 'विदिन' किंवा आणखी काही आणावे लागते. मराठीत 'दोन दिवसांत' आणि 'दोन दिवसांनी' हा भेद तिसरी-चौथीतले मूल न शिकवता पाळते. 'दिवाळीला येतो' आणि 'दिवाळीत येतो' यांत जो बारीक फरक आहे, तो तर आमच्या मते भाषेच्या सौंदर्याचाच भाग आहे. पहिल्यात सण हा एक मुक्काम आहे, दुसऱ्यात तो चार-पाच दिवसांचा पसारा आहे आणि पाहुणा त्यात कुठेतरी उगवणार आहे. 'ॲट ख्रिसमस' आणि 'ऑन ख्रिसमस डे' हा भेद घोकून घेणाऱ्या शिक्षकाने हे उदाहरण हाताशी असून कधी वापरले आहे काय? 'ऑन टाइम' आणि 'इन टाइम' यांवर पाऊण तास खर्च होतो, आणि 'गाडी वेळेवर आली, पण डॉक्टर वेळेत पोहोचले नाहीत' हे एक वाक्य फळ्यावर लिहिले जात नाही.

वर्गात प्रत्यक्षात काय होते? 'ॲट' म्हणजे क्षण, 'ऑन' म्हणजे दिवस, 'इन' म्हणजे मोठा काळ, असा त्रिकोण फळ्यावर काढला जातो. सुरुवातीला तो बरा आहे. पुढच्याच आठवड्यात 'ॲट नाइट' येते. रात्र हा क्षण केव्हापासून झाला? 'इन अ मोमेंट' येते आणि क्षण मोठा काळ होऊन बसतो. 'इन द मॉर्निंग' पाठ होते न होते तोच 'ऑन मंडे मॉर्निंग' समोर उभे राहते, आणि 'नेक्स्ट मंडे'च्या आधी तर काहीच नको असते. खुद्द इंग्रजांत 'ॲट द वीकेंड' चालते, तर अमेरिकनांत 'ऑन द वीकेंड'. नियमापेक्षा वहिवाट मोठी, हे मुलांना मोकळेपणाने सांगावे, तर गाळलेल्या जागांचे गुण कसे द्यायचे, ही अडचण! २००० साली राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्या पहिल्या तुकडीतली मुले आता तिशी ओलांडून गेली, तरी गाळलेल्या जागा आहेत तिथेच आहेत.

या गोंधळाचे एक मूळ आमच्याच व्याकरणात आहे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण लिहिले ते इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवून. मोरो केशव दामल्यांनी १९११ मध्ये 'शास्त्रीय मराठी व्याकरण' सिद्ध केले आणि पुष्कळ गोष्टी मुळापासून तपासल्या. तरी शाळेत 'प्रेपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय' हे समीकरणच टिकले. समीकरण चुकीचे नाही, अपुरे आहे. 'सोमवारी', 'सकाळी', 'दिवसा', 'पावसाळ्यात' यांत शब्दयोगी अव्यय कुठे आहे? तिथे सप्तमीचे 'त', 'ई', 'आ' आहेत. 'तारखेला' आणि 'दसऱ्याला' यांत 'ला' आहे. 'तीन वाजता' यात चक्क क्रियापदाचे रूप आहे. 'जेवताना', 'पाऊस पडत असताना' यांतही तेच. इंग्रजी जे काम एका जातीच्या शब्दांकडून करून घेते, ते मराठीत तीन-चार खाती वाटून घेतात. हे न सांगता 'इन म्हणजे मध्ये' शिकवले की मूल 'इन मंडे' लिहिणार, यात नवल ते काय? गंमत अशी, की प्राचीन इंग्रजीही 'दिवसा' आणि 'रात्री' यांसाठी नामाला विभक्तीच लावीत असे. 'ही वर्क्स नाइट्स' यातला शेवटचा 'स' आज अनेकवचनाचा वाटतो, पण त्याचा वारसा त्या जुन्या षष्ठीकडे जातो. 'नाऊअडेज'मधला 'स'ही त्याच घराण्यातला. 'ओक्लॉक' हे 'ऑफ द क्लॉक'चे झिजलेले रूप. तीही भाषा कुठून तरी चालत आली आहे, हे विद्यार्थ्याला कळले की निम्मी भीती जाते.

आमचा खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर आहे. मराठीचा सांधा इंग्रजीत गेला तर माणसाची नोकरी जाते, आणि इंग्रजीचा सांधा मराठीत आला तर त्याचा मथळा होतो. कोणतेही वर्तमानपत्र उघडा. 'निवडणुकीच्या पूर्वसंध्येला', मग निवडणूक चार दिवसांवर का असेना. 'आदल्या दिवशी' हा सोन्यासारखा शब्दप्रयोग कुणाला आठवत नाही. प्रवासात, बैठकीत, सामना चालू असताना काही घडत नाही. सगळे 'प्रवासादरम्यान', 'बैठकीदरम्यान', 'सामन्यादरम्यान' घडते. 'दोन ते चारच्या दरम्यान' हे ठीक, कारण तिथे दोन टोके आहेत. एकट्या बैठकीचे दुसरे टोक कोणते? 'नजीकच्या भविष्यात' असे म्हणणाऱ्याने आयुष्यात 'पुढेमागे' हा शब्द ऐकलाच नसेल असे आम्हाला वाटत नाही. त्याला तो पुरेसा भारदस्त वाटत नाही, इतकेच. हे लिहिणाऱ्यांना कोणी त्यांचे वाक्य त्यांच्याच सुरात म्हणून दाखवत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा त्या आनंदाच्या बातम्याही बऱ्याचशा याच मराठीत छापल्या गेल्या.

आम्ही शुद्धतावादी नाही. 'दरम्यान' फारसीतून आले, सरकारी कागदावरचे 'रोजी'ही तिकडचेच, आणि दोघांनी इथे घर केले आहे. उसनवारीला आमचा आक्षेप नाही. आक्षेप दोन तराजूंना आहे.

या सत्रात अनुवादाच्या प्रश्नपत्रिकेसाठी आम्ही एक प्रश्न सुचवला होता: 'दोन दिवसांत येतो', 'दोन दिवसांनी येतो', 'दिवाळीला येतो' आणि 'दिवाळीत येतो' यांचे इंग्रजी भाषांतर करा आणि भाषांतरात काय निसटले ते मराठीत लिहा. प्रश्न परत आला. समासात शेरा होता: 'अभ्यासक्रमाबाहेरचा. सोमवारपर्यंत दुसरा द्यावा.' सोमवारपर्यंत म्हणजे काय, हे समजायला आम्हाला कुणाची मदत लागली नाही. त्या दिवशी आम्ही तोच प्रश्न पुन्हा पाठवला.